गल्लीची तब्येत: वस्ती सुधारायला पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी

मुंबईच्या गोवंडी-मानखुर्द भागात लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या दोन पुनर्वसन वसाहती आहेत. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत ज्यांची घरं गेली, त्यांना इथे सव्वादोनशे चौरस फुटांच्या खोल्या मिळाल्या. इमारती उंच आणि समोरासमोरच्या दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. २०१८ साली ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेचा अभ्यास बाहेर आला. या दोन वसाहतींत जवळपास दर दहा घरांमागे एका घरात क्षयरोग आढळला होता. त्याच भागातल्या पीएमजी कॉलनीत, जिथे इमारती एकमेकींपासून लांब आहेत, तिथे हे प्रमाण शंभरात एक इतकं कमी होतं. वरच्या मजल्यांपेक्षा खालच्या मजल्यांवर आजार जास्त. क्षयाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण घरात ऊन आणि वारा कुठल्याच दवाखान्यात मिळत नाही.

हे वाचल्यापासून मी आमच्या गल्लीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. रस्ता, ड्रेनेज, लाइट ही झाली खात्यांची नावं. आपण सुरुवात दुखण्यापासून करायची: इथे कोण आजारी पडतं, कोण पडून हात मोडून घेतं, कोणाला रात्री झोप लागत नाही, आणि त्यात विटा-सिमेंटचा वाटा किती. पुण्यात आमच्या भागातली आठ-दहा माणसं गेली सहा वर्षं हे करतोय. मी शाळेत शिकवते. आमच्यात एक आर्किटेक्ट मुलगी आहे, एक निवृत्त ओव्हरसियर काका आहेत, बाकी सगळी साधी माणसं. तुम्हीही नव्याने सुरुवात करत असाल तर आम्ही ज्या क्रमाने शिकलो तो क्रम इथे सांगते.

आधी थोडा इतिहास, कारण त्यातली चूक आजही होते

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. दोन वर्षांत बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढायचे म्हणजे समुद्राचा वारा आत येईल, हा त्यामागचा विचार. प्रिन्सेस स्ट्रीट, मोहम्मद अली रोड ही त्या ट्रस्टची कामं. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या, झाडांच्या वसाहतीही त्याच योजनेतून आल्या आणि आजही तिथे दुपारी चालताना बरं वाटतं. पण रस्त्यांसाठी ज्यांची घरं पाडली, त्या गिरणी कामगारांना आणि हमालांना पुरेशी घरं मिळाली नाहीत. ती माणसं शेजारच्या चाळींत दाटीवाटीने जाऊन राहिली. आजार उठला आणि पलीकडच्या गल्लीत जाऊन बसला.

पुढे १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. हिंदुस्थानातली कितीतरी गावं त्यांनी पायी हिंडून पाहिली होती. सरसकट पाडापाडीला त्यांचा विरोध होता. आधी निदान, मग उपचार, आणि उपचारही शक्य तितका बेताचा: एखादं पडकं घर काढून चौक करा, एक विहीर साफ करा, एक झाड लावा. आमचं सगळं काम या एका विचारावर चाललं आहे.

पायरी पहिली: हद्द लहान ठेवा

संपूर्ण प्रभाग घेऊ नका. दोनशे ते पाचशे घरं पुरेत. शहरी आरोग्य अभियानात एका आशाताईंकडे साधारण एवढीच घरं असतात, त्यामुळे पुढे त्यांच्याशी बोलणं सोपं जातं. हद्दीचा नकाशा मोबाईलवर पाहून मोठ्या कागदावर हाताने काढा, मग झेरॉक्सच्या दुकानातून मोठ्या आकारात चार-पाच प्रती काढून घ्या. मोबाईलवरचा नकाशा एकालाच दिसतो. कागदाचा नकाशा देवळाच्या पायरीवर पसरला की येणारा-जाणारा वाकून बघतो आणि म्हणतो, “अहो, इथे बोळ आहे, तुम्ही दाखवलाच नाही.”

पायरी दुसरी: चाला, आणि एकट्याने चालू नका

एकच रस्ता चार वेळा चालायचा: सकाळी शाळेच्या वेळी, दुपारी एक वाजता, रात्री नऊच्या सुमारास, आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसात. सोबत टेप, वही आणि गल्लीतलंच एक माणूस. दर वेळी माणूस वेगळं हवं. कधी दप्तर पाठीवर घेतलेलं मूल, कधी रात्रपाळीहून येणारी बाई, कधी पोटुशी सून, कधी काठी टेकत चालणारे आजोबा.

माझं पहिलं चालणं आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींबरोबर झालं. घरापासून दूध डेअरीपर्यंत दोनशे पावलं. तेवढ्यात आजी अकरा वेळा फूटपाथवरून खाली उतरल्या. दर वेळी त्या आधी काठी खाली टेकायच्या, मग भिंतीला, खांबाला किंवा उभ्या स्कूटरच्या सीटला हात लावायच्या, मग डावा पाय सोडायच्या. स्कूटर नसली की माझा दंड धरायच्या. एका ठिकाणी मी टेप लावून फूटपाथची उंची मोजली: तेवीस सेंटिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिच्या पादचारी मार्गदर्शिकेनुसार ही उंची पंधरा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि निवासी भागात चालायला किमान १.८ मीटर अडथळ्याशिवाय रुंदी हवी, बाजारपेठेत २.५ मीटर. आमच्याकडे विजेच्या डीपीचा डबा, केबलचा खांब आणि फलकाचा पाय यांच्यामधून सत्तर सेंटिमीटर उरत होते. आजींचा डावा मनगटाचा सांधा दोन वर्षांपूर्वी मोडला होता, तो याच अकरापैकी एका जागी. हे त्यांनी चालता चालता सांगितलं. आम्ही घरी बसून फॉर्म भरून घेतला असता तर सांगितलं नसतं.

म्हणून प्रश्नावली घेऊन दारोदार जाण्याआधी चाला. वहीत मत लिहू नका, माप लिहा. ‘फूटपाथ खराब’ या शब्दांवर कोणीही वाद घालेल, ‘तेवीस सेंटिमीटर’ यावर वाद घालायला आधी टेप आणावी लागेल.

पायरी तिसरी: आजार आणि जागा यांची गाठ घाला

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. आशाताई, जवळच्या नागरी आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आणि गल्लीतले जुने डॉक्टर यांना भेटा. विचारायचं एवढंच: गेल्या वर्षी या भागात काय जास्त होतं आणि कुठल्या महिन्यात? कोणाचंही नाव विचारू नका, घर नंबर नकाशावर टाकू नका. क्षय झालेल्या मुलीचं लग्न मोडतं अशी आजही परिस्थिती आहे, आणि आपल्या नकाशामुळे ते घडलं तर ते आपलं पाप. गल्लीच्या पातळीवर रंगीत टिकली लावली तरी पुरतं.

जुलै ते ऑक्टोबर ताप आणि डेंगी असेल तर साठलेलं पाणी शोधा. डेंगीचा एडिस डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, तो फार लांब उडत नाही, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे उगम आपल्याच आसपास आहे आणि आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळला, म्हणजे साठवलेलं सगळं पाणी ओतून भांडी कोरडी केली, तर साखळी तुटते. पण लोक पिंपं भरून का ठेवतात ते विचारा. पाणी एक दिवसाआड येत असेल तर कोरडा दिवस पाळा हे सांगणं म्हणजे बाईला तहानलेलं राहा सांगणं आहे. तिथे खरं काम पाण्याच्या वेळापत्रकाचं आणि पिंपांच्या घट्ट झाकणांचं. बांधकाम चालू असलेल्या इमारतीचा लिफ्टचा खड्डा मात्र नक्की पाहा.

जुलाब, कावीळ, विषमज्वर असेल तर पाण्याच्या लाइनच्या मागे लागा. पाणी दोन तास येतं आणि मग लाइन रिकामी होते. रिकाम्या लाइनीत दाब नसतो, आणि जिथे ती गटाराच्या कडेने जाते तिथे बारीकशी गळती असली तरी घाण आत ओढली जाते. दुसऱ्या दिवशीची पहिली बादली गढूळ येते ती त्यामुळे. आरोग्यसेवकांकडे क्लोरोस्कोप, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायचा छोटा संच असतो. नळाच्या पाण्यात त्यातल्या द्रावणाचे थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायला हवं. रंगच आला नाही तर तुमच्या नळापर्यंत क्लोरीन उरत नाही. ही ओटी टेस्ट गल्लीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या नळावर करून घ्या. दोन्हींत मोठा फरक आला तर गळती मधे कुठेतरी असण्याची शक्यता असते. आमच्याकडे ती एका जुन्या गंजलेल्या नळजोडात निघाली, गटारात बुडालेल्या.

खोकला आणि दमा असेल तर आधी घरात जा. नॅशनल बिल्डिंग कोड, म्हणजे देशाची बांधकामाची मानक संहिता, सांगतो की कोरड्या उष्ण हवेच्या भागात खिडक्या-झरोक्यांची उघडी जागा खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश हवी, दमट उष्ण भागात, म्हणजे मुंबई-कोकणात, एक षष्ठांश. मोजायला जड वाटत असेल तर दोन साध्या परीक्षा करा. दुपारी बाराला दिवा बंद करून वर्तमानपत्र वाचता येतं का ते बघा. मग खोलीच्या मध्यावर उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहा. सरळ वर जाऊन छताखाली तरंगत राहिला, तर हवेला यायची वाट आहे आणि जायची नाही. समोरासमोरच्या किंवा निदान वेगवेगळ्या दोन भिंतींत उघडी जागा हवी. जुन्या वाड्यांत हे काम चौक करायचा. आताच्या इमारतीत डक्ट (हवेसाठी वरपर्यंत उघडी ठेवलेली पोकळी) करतो, आणि तोच कोणीतरी कबुतरांसाठी जाळी, वर पत्रा, आत अडगळ असा बुजवून टाकलेला असतो. आमच्या एका इमारतीत डक्टवरचा पत्रा काढला, जाळी ठेवली, आणि तीन मजल्यांची स्वयंपाकघरं श्वास घ्यायला लागली. खर्च झाला तो दोन मजुरांच्या एका दिवसाच्या मजुरीचा.

घराबाहेर कचरा आणि पाला जाळणं बघा. हिवाळ्यात सकाळी हवा जड असते आणि तो धूर खालीच राहतो.

उन्हाची गोष्ट नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या वाचकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. अहमदाबादने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्माघात कृती आराखडा केला आणि मग इतर शहरांनी तो रस्ता धरला. गल्लीच्या पातळीवर यातलं सगळ्यात स्वस्त काम म्हणजे पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या छतावर मार्च संपण्याआधी पांढऱ्या चुन्याचे दोन हात, चुन्यात थोडा डिंक घालून. लावण्याआधी आणि नंतर दुपारी तीनला खोलीत थर्मामीटर टांगून आकडा लिहून ठेवा. दरवर्षी पुन्हा लावावा लागतो, हेही लोकांना आधीच सांगा.

आवाजाकडे सगळे दुर्लक्ष करतात. २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. बाळंतीण आणि रक्तदाबाचे रुग्ण ज्या घरांत आहेत, तिथे रात्री जाऊन बसा, मग कळतं.

पायरी चौथी: एकच काम निवडा

तुमच्या नकाशावर आता चाळीस टिकल्या असतील. त्यांचे तीन ढीग करा. पहिला ढीग आपण स्वतः करू शकतो अशा कामांचा: झाकणं, डक्ट, चुना. दुसरा वॉर्ड ऑफिसच्या अखत्यारीतला: फूटपाथ, चेंबर, दिवा, गतिरोधक. तिसरा विकास आराखड्यातला, म्हणजे शहरातली कुठली जमीन कशासाठी हे ठरवणाऱ्या नकाशातला: मैदान, दवाखाना, रस्ता रुंदी. पहिल्या ढिगातलं एक काम महिन्याभरात करून टाका. त्याशिवाय लोक तुमच्याबरोबर येणार नाहीत. मग दुसऱ्या ढिगातलं एक, आणि एकच.

आम्ही इथे चुकलो. आमचा पहिला अर्ज चौदा मागण्यांचा होता. तो नऊ महिने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरला, कारण त्यात पाच खात्यांची कामं होती आणि प्रत्येक खात्याने तो ‘पुढील कार्यवाहीसाठी’ दुसऱ्याकडे ढकलला. दुसऱ्या वेळी आम्ही फक्त डेअरीच्या रस्त्याचा फूटपाथ मागितला.

पायरी पाचवी: कागद

अर्ज एका पानाचा. विषय, जागा, माप, फोटो, नकाशाचा तुकडा, आणि नेमकी मागणी: ‘या ११ ठिकाणी उंची १५ सें.मी. करून उतार द्यावा.’ आपल्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिस सोडू नका. अर्ज साहेबांच्या नावे असतो, पण जागेवर येऊन बघणारा माणूस कनिष्ठ अभियंता. त्यांना भेटा, जागेवर बोलवा, आणि कृपा करून चढ्या आवाजात बोलू नका. एका अभियंत्याकडे कितीतरी रस्ते असतात. आमच्या अभियंता बाईंना आम्ही अकरा जागा चालून दाखवल्या, आजीही बरोबर होत्या. नवव्या जागेला बाईंनी स्वतःच आजींचा हात धरला.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार. २००५ च्या कायद्याखाली दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आतला हवा. ‘काम का झालं नाही’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर मिळत नाही. कागद मागा: एस्टिमेटची प्रत, वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिकेची पानं.

पैशांची वेळ सांभाळा. महापालिकेचं वर्ष एप्रिल ते मार्च. अंदाजपत्रकाची जुळवाजुळव पावसाळा संपता संपता सुरू होते, त्यामुळे मार्चमध्ये मागितलेलं काम पुढच्या वर्षावर जातं. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही सोय आहे, ज्यात प्रभागातली लहान कामं लोक स्वतः सुचवू शकतात. तुमच्या शहरात असं काही आहे का ते क्षेत्रीय कार्यालयात विचारा.

तिसऱ्या ढिगासाठी विकास आराखडा वाचायला शिका. तुमच्या भागाचा भाग नकाशा पाहा, हव्या त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला (ती जमीन आराखड्यात कशासाठी दाखवली आहे याचा कागद) काढा. कुठल्या मोकळ्या प्लॉटवर मैदान किंवा दवाखान्याचं आरक्षण आहे ते कळेल. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत संपादन झालं नाही तर आरक्षण रद्द होतं. मुलांचं मैदान असं गुपचूप जातं. म्हणून आपल्या भागातल्या आरक्षणांची तारखांसह यादी भिंतीवर लावून ठेवा.

पायरी सहावी: पक्कं करण्याआधी कच्चं करून बघा

खडूने रेघा मारा, कुंड्या ठेवा, एका रविवारी रस्त्याचा कोपरा अरुंद करून बघा. वाहतूक पोलिसांची परवानगी आधी घ्या. पुण्यात लक्ष्मी रस्ता ११ डिसेंबरला वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन होतो, तिथे मुलं ज्या मोकळेपणाने रस्त्याच्या मधोमध बसून चित्रं काढतात ते एकदा जाऊन बघाच. गतिरोधकाचं तर आधी कागदावर नीट ठरवा. प्रमाणित गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच, म्हणजे सौम्य उंचवटा असतो. लोकांच्या आग्रहाने रातोरात टाकलेले डांबराचे उंच ढेकूळ पाठीचे मणके आणि गरोदर बायका यांचे हाल करतात.

या पायरीवर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा: आपल्या सुधारणेत कोणाचं पोट जातंय? फूटपाथ मोकळा करायचा म्हटलं की पहिला बळी भाजीवाल्या मावशींचा जातो. २०१४ चा पथविक्रेता कायदा त्यांना संरक्षण देतो. आणि रात्री साडेनऊपर्यंत त्यांचा दिवा चालू असतो म्हणून त्या कोपऱ्यावरून मुली बिनधास्त येतात. आम्ही मावशींना नकाशासमोर बसवलं. खांबाच्या मागची, कोणीच चालत नसलेली दीड मीटर जागा त्यांनीच दाखवली.

झाडांच्या बुंध्याशी ब्लॉक बसवताना सगळीकडून किमान हातभर माती मोकळी ठेवायला लावा. बुंधा सिमेंटने आवळला की झाड दोन-चार पावसाळ्यांत वाळतं किंवा वादळात मुळासकट पडतं, आणि सावली गेली की दुपारी त्या फूटपाथवर कोणी चालत नाही.

पायरी सातवी: पुन्हा मोजा

काम झाल्यावर तोच रस्ता, तीच माणसं, तीच टेप. आमच्या डेअरीच्या रस्त्याचं काम अर्जापासून चौदा महिन्यांनी झालं. आजींबरोबर पुन्हा चाललो. अकराच्या जागी तीन वेळा उतरावं लागलं. दोन ठिकाणी उतार इतका उभा केला होता की काठी घसरत होती. ते ठेकेदाराचं बिल निघायच्या आत लक्षात आणून दिलं म्हणून दुरुस्त झालं. तिसरी जागा एका दुकानासमोरची आहे, तिथे पायऱ्या फूटपाथवर आल्या आहेत. आजी आता सकाळी एकट्या दूध आणायला जातात, फक्त त्या दुकानापाशी थांबतात आणि कोणी ओळखीचं दिसेपर्यंत वाट बघतात. त्याचा अर्ज गेल्या सोमवारी दिला. आवक क्रमांक वहीत लिहून ठेवला आहे.